खर्रा, घंटी आणि पावलोवचा कुत्रा



वर्षावासातल्या एका रविवारी मूल तालुक्यातील एका गावी विहारात ग्रंथवाचनाला गेलो होतो. वंदना झाली, वाचन झाले, चहा झाला. मंडळी उठून गेली तरी एक बाई दाराशी थांबून राहिली. रोवणीचे दिवस होते. दिवसभर बांधीत उभे राहून तिचे पाय पांढरे पडले होते. सगळे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "भाऊ, माजा पोरगा बारा वर्साचा आहे. बापासारखा खर्रा खाते. मारलं, उपाशी ठेवलं, शपथा घातल्या. आयकतच नाही. हे रगतातच असते का जी?"

मी तिला दोन-तीन प्रश्न विचारले. घरात खर्रा कोण आणतो? तर पोरगाच. सात वर्षांचा होता तेव्हापासून रोज सांजेला बाप कामावरून आला की त्याला पानठेल्यावर पिटाळतो. उरलेल्या पैशाचे काय करतो? गोळी घेतो, बापाने तशी मोकळीक दिली आहे. आणि खर्रा हातात पडल्यावर बाप काय म्हणतो? बाई थोडी हसली. "पाठीवर थाप मारते, वाघ आहे माजा म्हणते." दिवसभराचा थकलेला, चिडलेला बाप त्या एका क्षणी पोराशी गोड बोलतो.

मी म्हटले, बाई, हे रक्तातले नाही. हे शिकवलेले आहे. शिकवायचे कुणाच्या मनात नव्हते, तरी पाच वर्षे रोज सायंकाळी हा वर्ग भरत होता. त्या दिवशी शेवटची एस.टी. पकडायची असल्याने मला एवढेच बोलता आले. उरलेले आज लिहितो. ज्यांच्या ज्यांच्या घरी असा वर्ग भरतो, त्या सर्वांसाठी हे आहे.

कुत्र्याच्या तोंडाला पाणी

रशियात इवान पावलोव (१८४९-१९३६) नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. अन्न कसे पचते याचा अभ्यास ते कुत्र्यांवर करीत. त्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडात किती लाळ सुटते हे ते नळी लावून थेंब-थेंब मोजत. हे करताना त्यांना एक गंमत दिसली. अन्न तोंडात पडल्यावर लाळ सुटावी हे ठीक. पण काही दिवसांनी अन्न आणणारा माणूस नुसता दिसला तरी कुत्र्याला लाळ सुटू लागली.

दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केले असते. पावलोव तिथेच थांबले. त्यांनी अन्न देण्याआधी एक ठरावीक आवाज करायला सुरुवात केली. कधी ठोके देणारे यंत्र, कधी घंटी. आवाज, मग अन्न. आवाज, मग अन्न. असे पुष्कळ वेळा झाल्यावर एक दिवस त्यांनी नुसता आवाज केला. अन्न नव्हते, अन्नाचा वासही नव्हता. तरी लाळ सुटली. घंटीचा आणि भुकेचा मुळात काही संबंध नाही. दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ आल्या म्हणून कुत्र्याच्या मेंदूने त्यांची गाठ मारली. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात. आपण साध्या भाषेत 'गाठ पडणे' म्हणू.

आता कुत्र्याला बाजूला ठेवा आणि स्वतःकडे पाहा. खाणीत पाळी बदलण्याचा भोंगा वाजतो आणि कामगाराचा हात आपोआप खिशातल्या पन्नीकडे जातो. चहाचा शेवटचा घोट संपतो आणि जीभ गालात जागा शोधू लागते. तेंदूपत्त्याचे पुडके बांधून झाले, बस उशिरा आली, साहेब रागावला, मित्र भेटला, की खर्रा. यातल्या एकाही गोष्टीचा तंबाखूशी निसर्गतः संबंध नाही. आपणच रोज गाठ मारून घंट्या तयार केल्या आहेत.

हे मी वरून उपदेश करण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः चौदा वर्षे खर्रा खाल्ला. संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या सभेत भाषण करायचो आणि सभा संपल्यावर विहाराच्या मागे जाऊन तोंडात टाकायचो. सोडायचे ठरवले तेव्हा पहिल्या खेपेला तीन महिने टिकलो. मग नात्यातल्या एका लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात कुणीतरी पन्नीवर खर्रा घोटत बसला होता. तो घासण्याचा आवाज कानी आला, चुन्याचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटले. वाणिज्य शाखेचा पदवीधर, चार लोकांत मान असलेला माणूस, आणि त्या क्षणी माझ्यात आणि पावलोवच्या कुत्र्यात काडीचा फरक नव्हता. त्या रात्री मी पुन्हा सुरू केले आणि सहा महिने स्वतःला शिव्या देत राहिलो.

घंटी विझते, पण पुन्हा वाजते

पुढे पावलोव यांचे प्रयोग वाचले तेव्हा कळले की शिव्या देण्याचे कारण नव्हते. त्यांनी गाठ सोडवण्याचाही प्रयोग केला होता. घंटी वाजवायची, पण अन्न द्यायचे नाही. पुन्हा पुन्हा असे केल्यावर लाळ कमी होत होत थांबली. याला विलोपन म्हणतात. पण कुत्र्याला काही काळ विश्रांती देऊन पुन्हा घंटी वाजवली, तर लाळ पुन्हा थोडी सुटली. म्हणजे गाठ पुसली गेली नव्हती, दबून राहिली होती.

व्यसन सोडणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. तंबाखूतल्या निकोटीनची शरीराला लागलेली सवय सुटताना पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत हा त्रास पुष्कळ ओसरतो. घंट्या मात्र कितीतरी अधिक काळ वाजत राहतात. सहा महिन्यांनी एखाद्या लग्नात तलफ आली तर 'माझ्यात दमच नाही' असे समजू नका. जुनी घंटी वाजली, एवढेच झाले. तेव्हा तोंडात टाकले नाही, तर पुढच्या वेळी ती आणखी मंद वाजेल.

जागा बदलली तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे. व्हिएतनामच्या युद्धात गेलेले कितीतरी अमेरिकन सैनिक तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी माग काढला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले शंभरात पाचच्या आसपास निघाले. त्याला इतरही कारणे होती. पण ती छावणी, ती भीती, ते सोबती, या सगळ्या घंट्या मागे राहिल्या हे एक मोठे कारण मानले जाते. आपल्याला घर-गाव सोडता येत नाही. पण पानठेल्यावरून जाणारा रस्ता सोडता येतो.

गोळी आणि पाठीवरची थाप

आता त्या पोराकडे येऊ. इथे दुसरे शास्त्रज्ञ उपयोगी पडतात, अमेरिकेचे बी. एफ. स्किनर (१९०४-१९९०). त्यांनी उंदराला एका पेटीत ठेवले. पेटीत एक दांडी. दांडी दाबली की खाण्याचा तुकडा पडे. उंदीर लवकरच दांडी दाबायला शिकला. ज्या कृतीनंतर चांगले काही मिळते ती कृती आपण पुन्हा करतो. स्किनर यांनी पुढे दाखवले की बक्षीस दर वेळी न देता कधी दिले, कधी नाही असे केले, तर ती सवय मोडायला जास्त अवघड जाते. सट्टापट्टीवाला रोज हरूनही उद्या का जातो, ते यावरून समजावे. लेकरू रडले की आपण चार वेळा नाही म्हणतो आणि पाचव्या वेळी कंटाळून हातात मोबाईल देतो. लेकरू काय शिकते? पाच वेळा रडावे.

आपल्या गोष्टीतल्या पोराला खर्रा आणण्याबद्दल तिहेरी बक्षीस होते. गोळीचा गोडवा, मोठ्या माणसाचे काम केल्याचा तोरा आणि बापाचे दिवसभरात मिळणारे एकमेव प्रेमाचे वाक्य. खर्ऱ्याच्या वासाशी या तिन्हींची गाठ पडली. मग एक दिवस त्याने पन्नीला लागलेला चुरा चाटून पाहिला, यात नवल काय? त्याला तंबाखू नको होती, त्याला बाप हवा होता.

आणि मार? स्किनर यांचे म्हणणे असे की शिक्षेने वागणे मरत नाही, काही वेळ दबते. मुलगा खर्रा सोडायला शिकत नाही, लपवायला शिकतो. शिवाय मार खाताना त्याची गाठ मारणाऱ्याशी पडते. उद्या आई दिसली की त्याला धसका बसेल आणि पानठेला दिसला की आनंद होईल. हाच न्याय शाळेला लावा. पाटी-पुस्तक समोर आले की चापट बसत असेल, तर भीती चापटीपुरती राहत नाही, ती गणिताला चिकटते. 'आमच्या पोराचं डोकंच चालत नाही' असे म्हणणाऱ्या पालकांनी त्याच्या डोक्यात कोणती गाठ पडली आहे ते आधी पाहावे.

भीतीही शिकवली जाते

सगळ्याच गाठी वाईट नसतात. ताडोबाच्या कडेला राहणारी बाई मोहफुले वेचताना वाळल्या पानांचा आवाज झाला की दचकून उभी राहते. ज्या वाटेवर वाघ दिसला त्या वाटेवर छाती धडधडते. ही भीती जीव वाचवते, ती असूच द्यावी. पण माणसाला न भिण्याच्या गोष्टींनाही भ्यायला शिकवता येते. १९२० साली अमेरिकेत वॉटसन आणि रेनर या दोघांनी एका तान्ह्या बाळावर असा प्रयोग केला. बाळ पांढऱ्या उंदराशी खेळे. ते उंदराला हात लावू लागले की त्याच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटायचा. थोड्याच वेळात ते नुसता उंदीर पाहून रडू लागले, आणि मग सशासारख्या केसाळ गोष्टींनाही भिऊ लागले. त्या बाळाची भीती त्यांनी काढून दिली नाही. असा प्रयोग आज कुणाला करू देणार नाहीत, आणि देऊही नये.

आपल्या समाजाला हा प्रयोग ओळखीचा वाटेल. आपल्या आजे-पणज्यांवर तो शेकडो वर्षे चालला. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. लहान लेकराच्या मनात पाण्याची गाठ अपमानाशी आणि माराशी घालायची, म्हणजे मोठेपणी पहारेकरी ठेवावा लागत नाही. दुसऱ्या बाजूच्या लेकराच्या मनातही गाठ घातली जात होती, अमक्याची सावली म्हणजे विटाळ. दोघेही जन्मतः तसे नव्हते.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर तळे उघडे होते, तरी तीन वर्षे आपले लोक तिथे पाणी भरू शकले नाहीत. ती भीती खोटी नव्हती, कारण मारणारे हात खरे होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, न्यायालयात लढा चालला. पण त्या एका ओंजळीने पाण्याची आणि भीतीची गाठ ढिली केली. मी सत्याग्रहाकडे असेही पाहतो: एकट्याने न सुटणारी गाठ हजारोंनी मिळून सोडवली.

विज्ञानाचे उत्तर याच्याशी जुळते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या, सशाला भिणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाची भीती घालवली. त्याला आवडता खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा. रोज थोडा जवळ आणायचा. न भिणारी मुले त्याच्याबरोबर खेळायला ठेवायची. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. यात तीन गोष्टी होत्या: हळूहळू जाणे, जुन्या जागी नवी चांगली गोष्ट ठेवणे आणि सोबत.

तथागतांची साखळी

पावलोवच्या आधी अडीच हजार वर्षांच्या सुमारास तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात ही साखळी सांगितली आहे. स्पर्श होतो, त्यातून वेदना म्हणजे सुखद-दुःखद जाणीव होते, जाणिवेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान म्हणजे धरून बसणे. भोंगा कानावर पडणे हा स्पर्श. तोंडाला पाणी सुटणे ही वेदना. 'आता हवाच' ही तृष्णा. पन्नी सोडणे हे उपादान. कुत्र्याला या साखळीत कुठे थांबता येत नाही. माणसाला वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये थांबता येते. तिथे जागे राहणे म्हणजे सती. तलफ ही लाटेसारखी असते. पाच-दहा मिनिटे तिच्याकडे नुसते पाहत राहिले, तर बहुधा ती ओसरते.

घरी काय करावे?

१) वही ठेवा. मी कारकून माणूस, मला वहीच सुचली. आठ दिवस फक्त लिहायचे: किती वाजता खाल्ला, कुठे, कोणाबरोबर, त्याआधी काय झाले. माझ्या वहीत दिसले की दिवसातल्या नऊपैकी सात वेळा त्याच चार घंट्या होत्या: चहा, बसथांबा, जेवण आणि साहेबांच्या खोलीतून बाहेर पडणे. शत्रू चारच निघाले.

२) एकेका घंटीची जागा बदला. चहानंतर लगेच उठून चूळ भरा, भाजलेली बडीशेप किंवा चणे तोंडात टाका. बसथांब्यावर पानठेल्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहा. नुसती सुपारी चालेल असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आहे. तोंड उघडेनासे होण्याचा आजार सुपारीनेच होतो.

३) हिशेब मांडा. एक खर्रा वीस रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन, तर वर्षाचे २१,९०० रुपये होतात. वाचलेले पैसे रोज एका डब्यात टाका आणि महिन्याच्या शेवटी त्यातून लेकरासाठी काहीतरी आणा. सोडण्यालाही बक्षीस लागते.

४) मुलाला पानठेल्यावर पाठवणे आजपासून बंद करा. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण पोलिसांच्या आधी बापाने थांबावे.

५) एकट्याने लढू नका. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. रोज दारू पिणाऱ्याने मात्र अचानक बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात झटके येण्याचा धोका असतो.

कायद्याला मर्यादा असतात हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिले आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्हीकडे लढल्या त्या प्रामुख्याने बाया. कायदा दुकान बंद करू शकतो, डोक्यातली घंटी बंद करू शकत नाही. ते काम घराने, वस्तीने आणि विहाराने करायचे आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. ही प्रतिज्ञा लोकांनी मिळून, उभे राहून, मोठ्याने घेतली. समूहात उच्चारलेला शब्द हीसुद्धा एक घंटी आहे, चांगली घंटी. दर रविवारी विहारात ती वाजते. आपण तिथे असतो का, एवढाच प्रश्न आहे.

त्या बाईला मी पुढच्या रविवारी पुन्हा भेटलो, आणि या वेळी तिच्या मालकालाही बोलावले. तो मान खाली घालून बसला होता. त्याला मी एकच गोष्ट सांगितली. भाऊ, खर्रा सुटेल तेव्हा सुटेल, त्याला वेळ लागेल. पण सांजेला घरी आलास की पोराला ठेल्यावर न पाठवता आधी जवळ बसव. त्याची वही पाहा. आणि वही पाहून झाल्यावर पाठीवर तशीच थाप मार, तेच वाक्य म्हण. पोराची वाट पाहण्याची वेळ तीच राहील, बापही तोच राहील. फक्त गाठ दुसऱ्या गोष्टीशी पडेल.

तो काही बोलला नाही. निघताना मात्र त्याने खिशातली पन्नी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा खिशात ठेवली. पण तोंडात टाकली नाही. पहिल्या दिवशी एवढे पुष्कळ झाले.

जयभीम. नमो बुद्धाय.